कॉलेजचा हॉल आणि कॉलेजचं नाटक: जूनच्या मोजमापापासून सेट उतरवेपर्यंत

कॉलेजच्या नाटकाला एक कायमची अडचण आहे: माणसं टिकत नाहीत. एफवायला आलेली मुलगी पहिल्या वर्षी विंगेत उभी राहून प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायचं सामान, सांभाळते, दुसऱ्या वर्षी संगीत चालवते, तिसऱ्या वर्षी तिला हॉलमधलं प्रत्येक बटण पाठ झालेलं असतं आणि मग मार्कशीट घेऊन ती निघून जाते. पुढच्या जूनमध्ये नवी मुलं येतात आणि पुन्हा तोच बंद सॉकेट शोधत बसतात. मी बरीच वर्षं कॉलेजचं नाट्यमंडळ आणि सभागृह दोन्ही सांभाळतो आहे. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. हॉलची एक वही हवी. जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे घातलेली, ऑफिसच्या कपाटात राहणारी. पुढे जे सांगतो आहे, त्यातलं बरंचसं शेवटी त्या वहीत उतरायचं आहे.

ज्या प्राध्यापकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या गळ्यात हे काम यंदा पहिल्यांदा पडलं आहे, त्याला समोर धरून लिहितो.

आधी हॉल मोजा

संहिता निवडण्याआधी हॉल मोजायचा. बऱ्याच कॉलेजांचे हॉल बक्षीस समारंभासाठी बांधलेले असतात. रंगमंच रुंद पण उथळ, मागे पक्की भिंत, एका बाजूला विंग आणि दुसऱ्या बाजूला जिना किंवा स्टोअररूम. अशा हॉलमध्ये उजवीकडून गेलेलं पात्र प्रेक्षकांना न दिसता डावीकडून येऊच शकत नाही. हे पाचव्या तालमीला कळलं तर सगळ्या हालचाली बदलाव्या लागतात.

मोजपट्टी, टॉर्च आणि टेस्टर घेऊन तिघांनी जायचं. दर्शनी पडद्याच्या जागेची रुंदी, तिथून मागच्या पडद्यापर्यंतची खोली, दोन्ही विंगांमधली मोकळी जागा, लाइट टांगायच्या पाइपची जमिनीपासूनची उंची, रंगमंचाची प्रेक्षागृहापासूनची उंची. हे सगळे मोजतात. राहून जातं ते दार. आठ बाय चारची फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीची चौकट, साडेतीन फुटी दारातून आडवी केल्यावर जाते, पण दारापुढे लगेच जिन्याचं वळण असेल तर अडकते. त्यामुळे टेम्पो जिथे थांबतो तिथपासून रंगमंचापर्यंतचं प्रत्येक दार आणि प्रत्येक वळण मोजा. मग एक फुटाला एक सेंटिमीटर धरून ग्राफपेपरवर नकाशा काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. त्याच्या झेरॉक्स नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि दिग्दर्शक अशा तिघांना द्या.

विजेसाठी एक दुपार राखून ठेवा. कॉलेजच्या वायरमनकाकांना बोलवा, पॅनलवरचं एकेक एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारं बटण) खाली पाडा आणि काय बंद होतं ते लिहून घ्या. पंखे कुठल्या बटणावर, रंगमंचावरचे सॉकेट कुठल्या फेजवर (येणाऱ्या विजेच्या तीन वायरींपैकी कुठल्या), बाहेर जायच्या वाटेवरचे दिवे कुठल्या सर्किटवर. प्रत्येक एमसीबीखाली मराठीत पट्टी चिकटवा. पंखे चालू ठेवून शेवटच्या रांगेत एकाला बसवा आणि रंगमंचावरून साधं वाक्य बोला. शब्दांचे शेवट ऐकू येत नसतील तर कुठले पंखे प्रयोगात बंद ठेवायचे, ते आत्ताच ठरवता येतं.

हॉल कुणाचा, कुठल्या दिवशी

भांडणं इथेच होतात. परीक्षा विभागाला हॉल बैठकव्यवस्थेसाठी हवा असतो, एनएसएसला शिबिराच्या उद्घाटनासाठी, एखाद्या विभागाला पाहुण्यांच्या व्याख्यानासाठी. सगळ्यांचा हक्क खरा असतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांच्या सहीनं एक नियम करून घ्या: प्रयोगाच्या दिवसाबरोबर त्याच्या आधीचे दोन पूर्ण दिवस हॉल नाटकाचा. पहिल्या दिवशी सेट आणि लाइट लावायचे, दुसऱ्या दिवशी तांत्रिक तालीम आणि संध्याकाळी रंगीत तालीम, तिसऱ्या दिवशी प्रयोग. मधल्या दिवशी दोन तासांसाठी एखादं व्याख्यान ‘फक्त पुढच्या भागात’ घेऊ द्यायला सांगतात. नम्रपणे नाही म्हणा. फोकस केलेल्या लाइटला कुणाचा तरी धक्का लागतोच आणि सगळी प्रकाशयोजना पुन्हा लावावी लागते.

तारखा ठरवताना मराठी कॉलेजच्या वर्षाची चाल ध्यानात घ्या. काही विद्यापीठांचे युवा महोत्सव जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होतात. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवत असलेली कॉलेजांच्या एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा पावसाळ्यातच, भरत नाट्य मंदिरात होते. मग गणपती, सत्र परीक्षा, दिवाळी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी स्नेहसंमेलनं. तालमींचा सगळ्यात जोराचा काळ भर पावसात येतो, म्हणून हॉलची गळती मे महिन्यात काढून घ्यायची, जूनमध्ये नाही.

संहिता हाती आली की लगेच कागद

तीन कागद वेगवेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिला लेखकाच्या परवानगीचा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना एक सवलत आहे. संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून तिथल्याच विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी प्रयोग केला आणि प्रेक्षकही विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंध असलेले असे मर्यादित असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. पण बाहेरच्या लोकांना बोलावलं, तिकीट लावलं किंवा स्पर्धेला गेलात की ही सवलत गृहीत धरू नका. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क त्याचे किंवा त्याच्या वारसांचे असतात. मी तर वर्गात प्रयोग असला तरी लेखकाला पत्र पाठवतो. मुलांनी हे नाटक का निवडलं, ते दोन ओळींत त्यांनाच लिहायला लावतो. मानधनाची रक्कमही बजेटच्या पहिल्या ओळीत धरतो. ज्याच्या शब्दांवर आपण उभे आहोत, त्याला शेवटी उरलेले पैसे देणं बरं नाही.

दुसरा कागद रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या, प्रमाणपत्राचा. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाला ते लागतं आणि अनेक स्पर्धा प्रवेशअर्जासोबतच मागतात. संहिता पक्की झाली की त्याच आठवड्यात पाठवा. तिसरा कागद ध्वनिमुद्रित गाण्यांचा. कुणाचंही गाजलेलं गाणं मध्ये टाकणं सोपं असतं, पण हक्काचा प्रश्न तिथेही उभा राहतो. त्यापेक्षा कॉलेजातल्या पेटी-तबला वाजवणाऱ्या मुलांकडून संगीत करून घ्या. नाटकालाही ते जास्त शोभतं.

पैसे

विद्यार्थी स्वतःच्या खिशातून खिळे, रंग, बांगड्या, विग आणतात. बिल हरवतं आणि पैसे बुडतात. हे मला फार लागतं, कारण बुडतात ते नेमके गरीब घरातल्या मुलांचे. म्हणून काम सुरू होण्याआधी अकाउंट्स विभागाकडून ॲडव्हान्स उचला. एका विद्यार्थ्याला खजिनदार करा. त्यानं प्रत्येक बिलाचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढायचा आणि कागद पाकिटात ठेवायचा. लाइट आणि सेटसाठी तीन कोटेशनं लागत असतील तर ती महिनाभर आधीच मागवा. टेम्पो, हमाली, तालमींचा चहा-वडापाव आणि प्रथमोपचाराची पेटी हे खर्च बजेटमध्ये लिहायचे राहतात आणि शेवटी तेच अंगावर येतात. एकूण रकमेचा दहावा हिस्सा कशालाच न जोडता बाजूला ठेवा.

बॅकस्टेजची माणसं पहिल्या वाचनापासून

ज्याला भूमिका मिळाली नाही, त्याला बॅकस्टेजला टाकायची पद्धत वाईट आहे. रंगमंच व्यवस्थापक आधी निवडा, मग पात्रं. शांत डोक्याचा, वेळ पाळणारा आणि दिग्दर्शकालाही ‘आता थांबूया’ म्हणू शकेल असा मुलगा किंवा मुलगी हवी. पहिल्या वाचनापासून तिच्याकडे संहितेची एक प्रत असावी. एका बाजूला संवाद, समोरचं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर हालचाली, प्रॉपर्टी, प्रकाश आणि संगीताचे क्यू, म्हणजे ते नेमके कधी बदलायचे त्या खुणा, पेन्सिलीनं लिहायचे. पेनानं नाही, कारण सगळं चार वेळा बदलतं.

तालमी बहुतेक वेळा हॉलमध्ये मिळत नाहीत. एखाद्या वर्गात बाकं सरकवून, ग्राफपेपरवरच्या मापानं जमिनीवर मास्किंग टेपनं सेट आखून घ्या. दार, खिडकी, लेव्हलची (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्याची) कड, सगळं टेपनं. मुलांनी त्या आखीव दारातूनच आत-बाहेर करायचं. असं सहा आठवडे केलं की खरा सेट लागतो त्या दिवशी कुणी गोंधळत नाही. तालमीची वेळ पालकांना लेखी कळवा आणि संपायची वेळ कसोशीनं पाळा. रात्री घरी जाणाऱ्या मुलामुलींची यादी करून कोण कुणासोबत जातं ते लिहून ठेवा. एक शिक्षक शेवटचं मूल जाईपर्यंत थांबलाच पाहिजे.

वीज आणि लाइट

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण जिवाला खरा धोका इथे आहे.

गणित सोपं आहे. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे ॲम्पिअर. हजार वॉटचा एक पार कॅन, म्हणजे डब्यासारखा हॅलोजन लाइट, २३० व्होल्टवर सुमारे साडेचार ॲम्पिअर ओढतो. म्हणजे भिंतीतल्या पंधरा-सोळा ॲम्पिअरच्या एका सॉकेटवर तीनच. चौथा लावलात तर एमसीबी पडेल किंवा, त्याहून वाईट म्हणजे, जुनी वायर भिंतीच्या आतच तापत राहील. असे बारा पार लावायचे झाले तर १२ किलोवॉट, म्हणजे ५२ ॲम्पिअर. तीन फेजवर सारखे वाटले तरी प्रत्येकी १७ च्या वर. इतका भार भिंतीतल्या सॉकेटवर घ्यायचा नाही. मुख्य पॅनलवरून वेगळी जोडणी किंवा भाड्याचा जनरेटर लागतो, आणि ती जोडणी परवानाधारक वायरमननंच करायची. हौशी मुलानं नाही, त्याला कितीही येत असलं तरी. अर्थिंग तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारं ईएलसीबी पॅनलवर आहे ना, ते पाहा.

एलईडी पारनं हे ओझं खूप हलकं केलं. तीन वॉटचे ५४ दिवे असलेला एक पार साधारण १६२ वॉटचा, म्हणजे बारा मिळून दोन किलोवॉटच्या आत. हॉलच्या साध्या वायरिंगला तो भार पेलतो. तरी चेहऱ्यांवर पडणारा समोरचा प्रकाश मी शक्य असेल तिथे हॅलोजनचाच ठेवतो. हॅलोजन मंद करताना उजेड पिवळसर होत हळूहळू विझतो. स्वस्त एलईडी शेवटच्या टप्प्यात झटक्यानं बंद होतो आणि सगळा भावनेचा क्षण मोडतो. समोरून चार हॅलोजन, मागून आणि बाजूनं एलईडी, ही मांडणी बहुतेक कॉलेजांच्या खिशाला आणि विजेला दोन्हीकडे परवडते.

लाइट लावताना शिडीवर एक आणि शिडी धरायला एक, अशी जोडी कधीही मोडू नका. प्रत्येक लाइटला क्लॅम्पशिवाय वेगळी साखळी हवी, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी लाइट कुणाच्या डोक्यात पडणार नाही. हॅलोजन आणि पडदा यांच्यात निदान हात-दीड हात अंतर ठेवा. प्रयोग संपल्यावर लगेच लाइट उतरवायला हात घालू नका, गार होऊ द्या. ध्वनियंत्रणा आणि लाइट मंद करणारे डिमर एकाच फेजवर घेतले तर स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहतो. दोन्हींच्या फेज वेगळ्या ठेवा आणि माइकच्या वायरी विजेच्या वायरींना समांतर टाकू नका.

सेट

वाशांच्या चौकटीवर मांजरपाट ताणून केलेली फ्लॅट हलकी असते, पुन्हा रंगवता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. थर्मोकोलच्या भिंती दिसायला झटपट, पण गरम लाइटजवळ त्या पेट घेतात आणि काळा विषारी धूर होतो. मी थर्मोकोल रंगमंचावर येऊच देत नाही. फ्लॅटला मागून तिरका टेका द्या आणि टेक्याच्या पायावर वाळूची पोती. लेव्हलवर पात्रांना चढवण्याआधी दोन जाडजूड मुलांना त्यावर उड्या मारायला सांगा. आवाज येत असेल तर खाली जुनं कार्पेट घाला.

आता एक प्रसंग. आमच्या एका एकांकिकेत दीड फुटी लेव्हलवरून काळोखात उतरायचं होतं. प्रयोगाच्या दुपारी काळोखात चमकणारी रेडियमची टेप माझ्या टेबलावर पडलेली मी पाहिली होती. चिकटवायची राहिली. ब्लॅकआउटमध्ये तो मुलगा पायरीच्या जागी कडेवर गेला आणि खाली पडला. घोटा सुजला, तरी उरलेली वीस मिनिटं त्यानं बसूनच भूमिका केली. प्रेक्षकांना काही कळलं नाही. विंगेत उभ्या असलेल्या मला मात्र त्याच्या आवाजातली कळ ऐकू येत होती. तेव्हापासून प्रत्येक लेव्हलच्या कडेला, प्रत्येक पायरीला आणि विंगेत जाण्याच्या वाटेला बोटभर रेडियम लावलं आहे का, ते मी स्वतः गुडघ्यांवर बसून पाहतो. काळोख करून पाहतो. लाइट चालू असताना पाहण्यात अर्थ नाही.

तांत्रिक तालीम

या तालमीत अभिनय नाही. एका क्यूवरून थेट दुसऱ्यावर जायचं, मधले संवाद गाळायचे. व्यवस्थापकाच्या प्रतीत क्यू असा दिसावा: ‘आई, दार उघड’ या वाक्यातल्या ‘उघड’ शब्दावर क्यू १४, मागची खिडकी पिवळी, पाच सेकंदांत, दार उघडल्याबरोबर क्यू १५, पावसाचा आवाज वर. क्यू नेमका कुठल्या शब्दावर किंवा कुठल्या कृतीवर आहे, हे त्यात हवंच. ‘ती रडते तेव्हा’ असं लिहिलं तर लाइटवाला आणि संगीतवाला दोघं वेगवेगळ्या वेळी हात हलवतात.

व्यवस्थापकानं क्यूच्या जरा आधी ‘चौदा, स्टँडबाय’ म्हणायचं आणि नेमक्या क्षणी ‘चौदा, गो’. ‘गो’ हा शब्द लाइटवाल्याच्या आणि संगीतवाल्याच्या कानात दुसऱ्या कुठल्याही कारणानं पडता कामा नये. संगीताच्या फाइलींना क्यूचेच आकडे द्या, लॅपटॉप एअरप्लेन मोडवर टाका आणि सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

प्रयोगाचा दिवस

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली आणि ५९ माणसं गेली. वाढीव खुर्च्यांनी बाहेर जायची वाट अडवली होती. आपल्याकडे स्नेहसंमेलनात जादा गर्दी झाली की शिपाईमामांना प्लास्टिकच्या खुर्च्या मधल्या वाटेत टाकायला सांगतात. पाठीमागचं दार, फुकटे आत येतात म्हणून, कुलूप लावून ठेवतात. या दोन गोष्टींवर अजिबात मागे हटू नका. प्रेक्षक आत सोडण्याआधी बाहेर जाण्याचं प्रत्येक दार स्वतः ढकलून उघडून पाहा आणि प्रत्येक दाराशी एक स्वयंसेवक प्रयोग संपेपर्यंत उभा ठेवा. कुठून बाहेर पडायचं, हे पहिल्या घोषणेतच सांगा. विजेच्या आगीसाठी विंगेत कोरड्या पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हवा, पाण्याची बादली नाही. त्याची पिन कशी काढायची, ते बॅकस्टेजच्या दोघांना करून दाखवा.

व्हीलचेअरवर येणाऱ्यांसाठी रांगेच्या टोकाची जागा आधीच मोकळी ठेवा. ती वाट अडवणार नाही, अशी निवडा.

पहिली घंटा पंधरा मिनिटं आधी, दुसरी पाच मिनिटं आधी, तिसरीला पडदा. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला तर काय करायचं, हे प्राचार्यांशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. रंगभूषा करून तासभर बसलेल्या मुलांचा आवाज आणि हुरूप दोन्ही बसतात. माझ्या प्राचार्यांनी एकदा माझं ऐकून पाहुण्यांचा सत्कार मध्यंतरात घेतला, आणि पाहुण्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मैदानावर प्रयोग असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहाला त्यातून सूट आहे, पण खिडक्या-दारं उघडी ठेवून शेजाऱ्यांना त्रास देऊ नका.

सेट उतरवणं आणि वर्षभराची निगा

टाळ्या संपल्या की सगळ्यांना फोटो काढायचे असतात. वीस मिनिटं काढू द्या. मग कलाकारांसकट सगळ्यांनी सेट उतरवायचा. आधी प्रॉपर्टी यादीप्रमाणे पेटीत, मग गार झालेले लाइट, मग फ्लॅट, शेवटी लेव्हल. खिळे उपटून डब्यात टाका. फळीत उभा राहिलेला एक खिळा दुसऱ्या दिवशी झाडू मारणाऱ्या मावशींच्या पायात जातो. भाड्याचं सामान परत देताना मोजून द्या आणि पोचपावती घ्या.

नंतर वर्षभर हॉल जिवंत ठेवायचा. पावसाळ्यात पडदे महिन्यातून दोनदा पूर्ण उघडून पंख्याखाली वाळवा, नाहीतर काळ्या पडद्यावर पांढरी बुरशी चढते. वायरी उंदरांपासून वाचवायच्या तर जमिनीवर गुंडाळून ठेवू नका, हुकावर टांगा. फ्लॅट विटांवर उभ्या ठेवा, वाळवी जमिनीतून येते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावा लागतो. तो ऑफिसनं घेतला आहे का, हे विचारायचं काम हॉल सांभाळणाऱ्याचं.

आणि वही. सेट उतरवल्यानंतर, हॉलचे दिवे बंद करण्याआधी, व्यवस्थापकानं रंगमंचाच्या कडेला बसून ती भरायची. गेल्या वर्षीच्या पानावर असं आहे: ‘पुढच्या पाइपवर डावीकडून तिसरा क्लॅम्प सैल, बदलावा. उजव्या विंगेतला खालचा सॉकेट बंद. लेव्हल चारचा एक पाय हलतो, वापरू नये. काळा पडदा मध्ये जोडला की दीड हात आधी अडकतो, दोरी हळू ओढावी. रेडियम टेप संपली.’ खाली तारीख, त्या वर्षीच्या व्यवस्थापक मुलीची सही, आणि तिच्या शेजारी एसवायच्या एका मुलाची सही. त्यानं पान वाचलं, खाली वाकून लेव्हल चारचा पाय हलवून पाहिला आणि मग किल्ली घेतली.